बारा मिनिटं आणि वर थोडी

स्टॉपवॉच पाण्यात पडलं नव्हतं. पाणीच स्टॉपवॉचवर पडलं होतं, असं तिचं म्हणणं. घड्याळवाल्याला त्यात फारसा फरक दिसला नाही. त्याने डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि आत बघत म्हणाला, "किती दिवस भिजतंय हे?"

"तीन आठवडे. रोज थोडं थोडं. हवा बघताय ना कशी आहे."

हवा सगळेच बघत होते. सकाळी धुकं, दुपारी झिमझिम, संध्याकाळी पुन्हा धुकं, आणि रस्त्यावरचे दिवे भर दिवसा चालू. खरं तर ती कोपऱ्यावरच्या दुकानात नवं स्टॉपवॉच घ्यायला निघाली होती. ते दुकानच बंद निघालं. परतताना शेजारच्या खिडकीत एक वाकलेलं डोकं आणि त्यावर पडलेला पिवळा उजेड दिसला, तेवढ्यावरून ती आत शिरली होती.

"टाकून का देत नाही? बॅटरीचं नवं मिळतं. पाण्याला भीत नाही."

"सगळ्यांनी तसं केलं तर तुमच्या दुकानाचं काय?"

आता त्याने वर बघितलं. भिंगामागचा एक डोळा भला मोठा, दुसरा आपला नेहमीएवढा. तिला हसू येता येता राहिलं. फार हसणाऱ्यांपैकी ती नव्हतीच.

"कशाला लागतं एवढं?"

"बारा मिनिटं मोजायला."

"अंडी उकडता?"

"मुलींचे खांदे गरम करते."

मग तिला समजावून सांगावं लागलं. टेकडीखालच्या मैदानावर मुलींचा सॉफ्टबॉल क्लब आहे. तिथल्या पिचरना, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या मुलींना, ती शिकवते. पिचरचा हात चक्रासारखा पूर्ण फिरून खालून चेंडू सोडतो. थंड अंगाने तो फिरवला तर खांदा जातो. आणि मैदान फुटबॉलवाल्यांशी वाटून घेतलेलं, ते निघून गेल्यावर सामन्याआधी जेमतेम पंधरा मिनिटं हातात पडतात. तेवढ्यात भराभर, पण एकही पायरी न गाळता अंग गरम करायचं...

"म्हणजे तुम्ही बाराताई," तो म्हणाला.

मुली तिला पाठीमागे बाराताई म्हणतात हे तिला ठाऊक होतं. बारा मिनिटांमुळे म्हणतात, आणि तिच्या तोंडावर कायम बारा वाजलेले असतात म्हणूनही म्हणतात. दोन्ही कारणं तिला माहीत होती.

"माझी भाची तुमच्याकडेच असते," तो घाईघाईने म्हणाला. "भिंगरी."

भिंगरी! तेरा वर्षांची, काडीसारखी, आणि हात असा फिरायचा की बघणाऱ्याला गरगरावं. क्लबात एवढी चांगली पिचर दुसरी नव्हती.

"तिला सांगा, मला सगळं कळतं," ती म्हणाली, आणि बाहेर पडली.

चार दिवसांनी स्टॉपवॉच न्यायला आली तेव्हा ते टिकटिकत होतं. पण दोरी बदललेली होती. जुनी अखंड होती, डोक्यावरून घालायची. ही आखूड आणि बाजूला एक बारीक खटका.

"दोरी मी सांगितली नव्हती."

"त्या दिवशी जाताना छत्री वरच्या खुंटीवरून डाव्या हाताने काढलीत," तो काम करत करत म्हणाला. "केसांचा चिमटाही डाव्याच हाताने लावलेला दिसतो... तिरका बसलाय म्हणून म्हटलं. डोक्यावरून दोरी घालायला हात उचलावा लागतो ना? आता नाही लागणार."

सोळा वर्षांत हे कुणी बघितलं नव्हतं. ती सतरा वर्षांची असताना मुख्य पिचर पाय मुरगळून पडली, आणि दोन स्वेटर घालून बाकावर कुडकुडत बसलेल्या हिला कोच म्हणाले होते, "जा, वेळ नाही." ती गेली. तिसऱ्या चेंडूला खांद्यात काहीतरी फाटलं, ओलं कापड फाटावं तसं. नंतर चौकशी झाली तेव्हा कोचांनी सरळ सांगितलं की मुलीने व्यवस्थित वॉर्म-अप केला होता, मी स्वतः बघितलं. त्यांचं नाव राखलं गेलं. हिचा उजवा हात तेव्हापासून खांद्याच्या वर जात नाही.

म्हणून क्लबाच्या खोलीत भिंतीवर तिच्या हातचा एक कागद होता. तीनच ओळी: बारा मिनिटं. पंचवीस चेंडू. दुखलं की बोलायचं.

दोरी गळ्यात घालून तिने खटका दाबला. टक्. डोळ्यांत उगीचच पाणी आलं, म्हणून ती आभार न मानताच निघाली.

* * *

तो मैदानावर आला तो भिंगरीमुळे. गरम होणाऱ्या पिचरसमोर चेंडू झेलायला कुणीतरी बसावं लागतं, आणि ताई स्वतः झेलायला बसली की तिला पिचरचा खांदा बाजूने बघता येत नाही. बाजूने बघणं हेच तर खरं काम. हात कानाजवळून जातोय की लांबून, खांदा वर चढतोय का, मुलगी दात चावतेय का, हे सगळं बाजूनेच दिसतं. ताई कुणी मोठा माणूस शोधत होती.

"मामा येईल," भिंगरी म्हणाली. "त्याला काय काम आहे? लोकांना हल्ली वेळ बघायला घड्याळ लागतच नाही."

मामा आला. उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसला, हातात मिट, म्हणजे झेलायचा मोठा कातडी हातमोजा, घातला, आणि पहिला चेंडू त्याने नडगीवर झेलला.

"मिटने झेलायचा असतो," ताई म्हणाली.

"आधी सांगायचं ना."

दुसरा पोटावर बसला. तिसरा मिटमध्ये येऊन बाहेर गेला. चौथा राहिला, तेव्हा तो असा खूश झाला की ताईने मान फिरवली. हसू लपवायला दुसरी जागा नव्हती.

असा तो रोज संध्याकाळी पाचला यायला लागला. दुकानाच्या दारावर पाटी लावून यायचा: 'थोड्या वेळात येतो'. किती थोड्या, ते पाटीवर नव्हतं.

ताईची बारा मिनिटं ठरलेली होती. दोन मिनिटं धावणं. दोन मिनिटं पाय आणि कंबर. मग रबरी पट्टा ओढून खांदे, पुढे-मागे. मग अगदी जवळून नुसते मनगटाचे झटके. मग गुडघ्यावर बसून अर्धा फेर. मग पाच पावलं मागे, पूर्ण फेर पण हळू. आणि शेवटी पूर्ण अंतरावरून मोजके जोरात. पंचवीस चेंडू झाले की अंगात जॅकेट, आणि पुरे. जास्त टाकले तर सामन्यासाठी हातात काही उरत नाही, असं ती मुलींना सांगे. "भात शिजला की गॅस बंद करायचा. नाहीतर करपतो."

ती भिंगरीच्या उजव्या बाजूला उभी राहायची, दोन हातांवर. घड्याळ तळहातात. बादलीवरचा माणूस तिकडून बोलायचा, चेंडू परत टाकता टाकता.

"ताई, तुम्ही घरी भात पण बारा मिनिटंच शिजवता?"

"घरी मी एकटीच. पाव खाते."

"मग चहा?"

"चहा किती मिनिटं ते आल्यागेल्यावर अवलंबून."

"आणि आलं-गेलं कोण असतं?"

"कुणी नाही. झेला... समोर बघा."

हे असं. एकेक वाक्य, मध्ये एकेक चेंडू. लांबून ओरडून बोलावं लागे, आणि काही गोष्टी ओरडून बोलता येत नाहीत. म्हणून असेल, पण आठवड्याभरात ताई भिंगरीच्या बाजूची जागा सोडून दोन पावलं पुढे आली. पुढच्या आठवड्यात आणखी चार. महिना होईस्तोवर ती बादलीपाशीच उभी राहायला लागली होती, आणि तिथून चेंडू झकास दिसे, भिंगरी समोरून दिसे, फक्त खांदा बाजूने दिसत नसे. हे तिच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या कुणी अशी चूक केली असती तर तिने त्याला मैदानाबाहेर काढलं असतं.

बाराची पंधरा झाली, पंधराची अठरा.

"अजून एक टाकू, ताई?" भिंगरी लांबून विचारी.

"टाक."

"अजून एक?"

"हं..." आणि पुन्हा बादलीकडे, "काय म्हणत होता तुम्ही?"

तो काय म्हणत असे? काहीच नाही. एका म्हाताऱ्याने बायकोचं बंद घड्याळ आणलं आणि म्हणाला, चालू करू नका, नुसतं पुसून द्या. दुकानातल्या भिंतीवर तेवीस घड्याळं आहेत आणि तेवीस वेळा आहेत, गिऱ्हाईक बिचारं गोंधळतं. वरच्या मजल्यावर राहणारी बहीण, भिंगरीची आई, इस्पितळात नर्स आहे आणि घरातही सगळ्यांचं तापमान बघत फिरते. वडिलांच्या आजारपणात दहा वर्षं गेली. "बहीण म्हणते, लोकांची घड्याळं लावता लावता तुझीच वेळ टळून गेली, दादा." हे त्याने हसत सांगितलं होतं. ताईला हसू आलं नाही. धुक्यात त्याच्या भुवयांवर पाण्याचे बारीक थेंब जमले होते, आणि ते पुसावेत असं तिच्या मनात आलं. मनात आलं म्हणून तिने दोन्ही हात खिशात घातले. घड्याळही खिशात गेलं.

* * *

जिल्ह्याच्या संघासाठी निवड सामना होता, त्या सकाळी धुकं एवढं दाट होतं की दुसऱ्या टोकाचं कुंपण दिसेना. सामना दहाला. पावणेदहाला वॉर्म-अप सुरू झाला. बारा मिनिटं झाली तेव्हा अंपायर येऊन सांगून गेला, धुकं हटेपर्यंत थांबू.

अशा वेळी काय करायचं ते ताईने शंभर वेळा शिकवलं होतं. थांबायचं, जॅकेट घालायचं, जागच्या जागी चालत राहायचं, आणि सुरू व्हायच्या आधी पाच चेंडू. बस.

"टाकत राहू का, ताई? गार पडेन नाहीतर," भिंगरीने विचारलं.

"टाक हळूहळू," ताई म्हणाली. कारण नेमकं तेव्हाच बादलीवरून प्रश्न आला होता.

"सामना संपल्यावर... माझ्याकडे चहाला याल?"

"कुठला चहा?"

"साधाच."

"साधा चहा तर मी घरीही पिते."

"घरी आलं-गेलं कुणी नसतं म्हणालात ना. आमच्याकडे चार लोक असतात. म्हणजे मी एकटाच... पण मी चार लोकांएवढा बोलतो."

ती हसली. मान न फिरवता, समोर बघून हसली. किती वेळ ते दोघं असे बोलत राहिले देव जाणे. समोरून चेंडू येत होते, मिटमध्ये धप्प धप्प बसत होते, आणि तो न बघताही झेलायला शिकला होता.

पुढे क्लबाच्या एका पालकाने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ बघून मोजलं, तेव्हा चेंडू चौसष्ट भरले.

सामन्यात दोन डाव भिंगरीने सगळ्यांना गारद केलं. तिसऱ्या डावात चौथा चेंडू तिच्या हातातून नुसता गळून पडला. ती वाकली, डाव्या हाताने उजवा खांदा धरला, आणि तशीच उभी राहिली. रडली नाही. ताई धावली. धावताना तिला स्वतःचाच खांदा ठणकल्यासारखा वाटला.

डॉक्टर म्हणाले, वाढत्या वयाचं हाड आहे, सांध्यापाशी सुजलंय. हात गळ्यात. चार महिने चेंडू नाही. पुढे बघू. म्हणजे यंदाची निवड गेली. आणि 'पुढे बघू' म्हणजे काय, ते ताईएवढं कुणाला ठाऊक असणार?

* * *

क्लबाच्या खोलीत ओल्या कोटांचा वास होता. घडीच्या खुर्च्यांवर सात माणसं. सेक्रेटरी मधे, भिंगरीची आई नर्सच्या गणवेशातच आलेली, आणि दाराजवळ घड्याळवाला. भिंतीवर तो कागद.

"नियम तुमचाच, ताई," सेक्रेटरी म्हणाले. माणूस वाईट नव्हता, त्यांनाही हे जड जात होतं. "बारा मिनिटं, पंचवीस चेंडू. मग चौसष्ट झाले कसे?"

ताई तोंड उघडणार तोच घड्याळवाला उठला.

"चूक माझी आहे. त्यांचं स्टॉपवॉच मी दुरुस्त केलं होतं. ते मागे पडतंय. बारा मिनिटं दाखवायला वीस लावतंय. त्यांना कळणार कसं?"

त्या खोलीतल्या निम्म्या मनगटांवरची घड्याळं त्याच्या हाताखालून गेलेली होती. आपलं काम खोटं आहे असं घड्याळवाल्याने सात माणसांत सांगणं म्हणजे स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेणं. सेक्रेटरींनी नकळत मनगटाकडे बघितलं.

ताईला सुटका समोर दिसत होती. मान हलवली असती तरी पुरलं असतं. पण सोळा वर्षांपूर्वी अशाच एका खोलीत, अशाच खुर्च्यांवर, एका मोठ्या माणसाने तिच्या खांद्याबद्दल खोटं सांगितलं होतं, आणि ते सगळ्यांनी मान हलवून ऐकून घेतलं होतं.

"घड्याळ बरोबर आहे," ती म्हणाली. "मी बघितलं नाही."

"अहो पण हे म्हणतात..."

"ते खोटं बोलतायत."

"मग बारा मिनिटं झाल्यावर तुम्ही बघत काय होतात?"

तिने स्टॉपवॉच मुठीत धरलं.

"बादलीकडे."

"बादलीकडे?"

"बादलीवर बसलेल्या माणसाकडे," ताई म्हणाली.

कुणी हसलं नाही. भिंगरीच्या आईने आधी ताईकडे बघितलं, मग भावाकडे. भावाची मान खाली होती आणि कान लाल झाले होते. ती बाई चार दिवस मनात जे बोलायचं ठरवून आली होती त्यातलं काहीच बोलली नाही. फक्त म्हणाली, "माझ्या पोरीचा हात आहे तो, ताई." ते मात्र बरोबर होतं.

एका हंगामासाठी ताईला मैदान बंद झालं. कागद भिंतीवर तसाच राहिला. नियम चांगला आहे, सेक्रेटरी म्हणाले, आम्ही तो पाळू.

बाहेर तो तिची वाट बघत उभा होता.

"का बोललात खोटं?" तिने विचारलं.

"तुमचं काम जाईल म्हणून."

"आणि तुमचं?"

"माझं काय... हल्ली घड्याळ लागतं कुणाला."

"तुम्ही आता माझ्या समोर येऊ नका," ती म्हणाली. तिला म्हणायचं होतं, तुम्ही समोर आलात की मला दुसरं काही दिसत नाही. पण अर्धंच वाक्य बाहेर पडलं, आणि तो शहाण्यासारखा, म्हणजे वेड्यासारखा, मान हलवून निघून गेला.

* * *

पाच आठवडे गेले. ताईने एका शाळेत सकाळचं कवायतीचं काम धरलं. संध्याकाळी खिडकीत बसायची. पाच वाजले की पाय आपोआप बुटांकडे जात, आणि मग मैदान बंद असल्याचं तिला आठवे. खोलीत कपडे वाळत नव्हते, भांड्यांना ओल धरली होती, पाव दुसऱ्या दिवशी नरम पडत होता. चहा ती आता करतच नव्हती.

एका संध्याकाळी दार वाजलं. भिंगरी उभी होती. हाताची झोळी नुकतीच निघालेली, पण हात अजून सवयीने पोटाशी धरलेला.

"आत ये. दुखतंय?"

"आता कमी आहे." ती खुर्चीच्या कडेवर बसली. "ताई, मला एक सांगायचंय. रागवू नका."

"सांग."

"मला सामन्याच्या आधीपासूनच दुखत होतं. दोन आठवडे."

ताई उभीच राहिली. "मग बोलली का नाहीस? भिंतीवर काय लिहिलंय?"

"बोलले असते तर तुम्ही थांबवलं असतं."

"अर्थात."

"मग मामा घरी गेला असता," भिंगरी म्हणाली. "तो हसत होता, ताई. आजोबा गेल्यापासून मी त्याला तसं हसताना बघितलंच नव्हतं. दुकानात शिट्टी वाजवायचा. मला वाटलं, अजून दहा चेंडू टाकले तर काय होतंय... तेवढं तुमचं बोलणं होईल."

ताई खाली बसली. मग तिने भिंगरीच्या त्या काडीसारख्या हातावर आपला हात ठेवला.

"ऐक. तुझा हात तुझा आहे. तो कुणाच्या हसण्यासाठी खर्च करायचा नाही. मामाच्या नाही, माझ्या नाही. बघायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही, तो दोष माझा. पण तुझ्यापुरतं लक्षात ठेव. दुखलं की बोलायचं. समोर कोणी कितीही खूश असो. कळलं?"

"कळलं." भिंगरीने नाक पुसलं. दारापर्यंत गेली, आणि वळली. "मग तुम्ही का नाही बोलत?"

"मी काय बोलायचंय?"

"मामा पण हेच म्हणतो," भिंगरी म्हणाली आणि जिना उतरून गेली.

ताई बंद दाराकडे बघत बसली. मग तिने बूट घातले.

* * *

खिडकीत तेच वाकलेलं डोकं, तोच पिवळा उजेड. दारावर पाटी नव्हती. आता त्याला थोड्या वेळासाठी जायला जागाच नव्हती. तिला बघून तो उठला. भिंग डोळ्यावरून काढायचं राहून गेलं.

"काय बिघडलंय?"

"घड्याळ ठीक आहे." तिने खटका दाबला आणि स्टॉपवॉच काउंटरवर ठेवलं. "मला बारा मिनिटं हवीत. थंड अंगाने एकदम जोरात टाकायचं नाही, हा माझा नियम तुम्हाला माहीत आहे."

"पाठ आहे."

"मग बसा."

तिने बटण दाबलं.

सुरुवातीला हवेबद्दल बोलली. हवा वाईट आहे, यावर दोघांचं एकमत झालं. मग पाव नरम पडतो ते सांगितलं. त्याने सांगितलं की तो म्हातारा परत आला होता, आता म्हणतो, बायकोचं घड्याळ चालू करून द्या. मग ती भिंगरीबद्दल बोलली. भिंतीवरची तेवीस घड्याळं आपापल्या परीने टिकटिकत होती.

"त्या दिवशी मी रागावले," ती म्हणाली. "कारण पूर्वी एक माणूस असंच खोटं बोलला होता. त्याने स्वतःला वाचवलं. तुम्ही मला वाचवत होता... ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. पण तरी मी तेच केलं असतं."

"माहीत आहे. म्हणूनच..." तो थांबला. "म्हणूनच मी आलो नाही. तुम्ही नको म्हणालात, आणि तुम्ही खोटं बोलत नाही."

"अर्धंच बोलले होते."

"मग उरलेलं?"

तिने घड्याळाकडे बघितलं नाही. हात काउंटरच्या कडेवर घट्ट धरला.

"दुखतंय," ती म्हणाली.

"खांदा?"

"नाही. रोज पाच वाजले की दुखतं. तुम्ही समोर नसता म्हणून दुखतं."

त्याने आता कुठे भिंग काढलं. दोन्ही डोळे नेहमीएवढे झाले, आणि दोन्ही ओले होते.

"मलाही," तो म्हणाला. "मला वाटलं, बादलीवर बसून पाठ धरलीय."

ती हसली, आणि हसता हसता रडली, आणि मान हलली तसा केसांचा तिरका चिमटा सुटून काउंटरवर पडला. तिने डावा हात पुढे केला, पण चिमटा त्याने आधी उचलला.

"मी लावू?"

ती पाठमोरी झाली. इवले इवले स्क्रू बसवणारी ती बोटं एका चिमट्यासाठी इतकी चाचपडतील असं कुणाला वाटलं नसतं. त्याने फार वेळ घेतला. तिने घेऊ दिला. वरच्या मजल्यावर कुणीतरी भिंतीवर चेंडू मारत होतं, हळू, एका लयीत. बहुतेक डाव्या हाताने. मग तोही आवाज थांबला, आणि जिन्यावर कुणीतरी कान देऊन उभं आहे हे दोघांनाही कळलं.

"चहा राहिला होता," तो मागून म्हणाला.

"साधाच ना?"

"साधाच."

बाहेर धुकं तसंच होतं. मैदान बंदच होतं, आणि वरच्या त्या मुलीला पुन्हा उजव्या हाताने चेंडू टाकायला अजून किती दिवस लागतील ते कुणालाच सांगता येत नव्हतं. ताईला ते ठाऊक होतं, तो चिमटा लावत असतानाही ठाऊक होतं.

मग ती वळली आणि तिची नजर काउंटरवरच्या स्टॉपवॉचवर गेली. काटा बाराच्या कितीतरी पुढे गेला होता. तेवीस मिनिटं होऊन गेली होती.

"एवढा वेळ झाला?" तिने विचारलं. "बघा जरा. पुढे तर पळत नाही ना?"

त्याने ते उचललं, कानाशी धरलं, आणि या वेळी खरं तेच सांगितलं.

"नाही," तो म्हणाला. "बरोबर चालतंय."